कोल्टचा गेल्डिंग झाला, आता पैसे लावू का? घोडा खच्ची करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला सीझन सुरू झाला की दर रविवारी कुणीतरी रेसबुक (त्या दिवसाच्या रेसेसची छापील पुस्तिका) नाकासमोर धरून विचारतंच, हा मागच्या वेळी कोल्ट होता ना, आता गेल्डिंग दाखवतोय, लावू का? हो किंवा नाही एवढ्यात उत्तर होत नाही आणि रेस सुटायला पाच मिनिटं असताना लेक्चर कुणालाच नको असतं, म्हणून इथे सगळं एकदाच सविस्तर लिहितोय.

गेल्डिंग म्हणजे नक्की काय?

ज्या नर घोड्याचे दोन्ही वृषण ऑपरेशन करून काढून टाकलेत तो गेल्डिंग. आपल्याकडे खच्ची केलेला किंवा आख्ता घोडा म्हणतात. न कापलेला चार वर्षांपर्यंतचा नर म्हणजे कोल्ट, त्यापुढे नुसतं हॉर्स, आणि ब्रीडिंगला, म्हणजे पैदाशीला लावला की स्टॅलियन. मादी चारपर्यंत फिली, मग मेअर. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं कळेल.

रेसबुकात ते कुठे दिसतं?

घोड्याच्या नावाजवळ वय, रंग आणि लिंग छोट्या अक्षरांत दिलेलं असतं. शेवटचं अक्षर ‘सी’ असेल तर कोल्ट, ‘एच’ म्हणजे हॉर्स, ‘एफ’ फिली, ‘एम’ मेअर आणि ‘जी’ म्हणजे गेल्डिंग. नवीन लोक नाव, जॉकी आणि भाव (जिंकला तर लावलेल्या रुपयावर किती मिळणार ते) बघतात आणि हे अक्षर सोडून देतात. गंमत म्हणजे नुसत्या ‘जी’ला फारसा अर्थ नाही, अर्थ आहे तो ‘सी’चा ‘जी’ झाला त्या बदलाला, आणि तो बदल ताज्या पानावर दिसत नाही, त्यासाठी जुनं रेसबुक काढावं लागतं. ऑस्ट्रेलियात हा बदल ब्लिंकर्स (घोड्याच्या डोळ्यांच्या झापड्या) वगैरेंच्या यादीतच, पहिल्यांदा गेल्डिंग म्हणून पळतोय असा छापून येतो. आपल्याकडे जुनी रेसबुकं रद्दीत न टाकणं हाच उपाय, घरचे ओरडले तरी.

पण करतात कशाला? चांगला धडधाकट घोडा असतो की.

कारणं तीन-चार आहेत, आणि पैसे लावणाऱ्याने कारण शोधणं हे बाकी सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत.

पहिलं कारण स्वभाव. काही कोल्ट वयात आले की त्यांचं लक्ष रेस सोडून सगळीकडे असतं. पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ते आवार) फिली दिसली की किंचाळतात, मागच्या पायांवर उभे राहतात, साईसला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला चावतात, गेटमध्ये जायला नकार देतात, आणि रेस सुरू व्हायच्या आधीच घामाने निथळून अर्धी ताकद घालवून बसतात. सकाळी ट्रॅकवर घड्याळ लावलं तर टाइम झकास आणि दुपारी रेसमध्ये सातवा, हे ज्याचं होतं तो बहुतेक वेळा डोक्याचा प्रॉब्लेम असतो, पायांचा नाही.

दुसरं कारण शरीर. कोल्टची मान आणि खांदे वयाबरोबर भरत जातात, पुढचा भाग जड होतो, आणि घोडा पळतो तेव्हा शरीराचा जास्त भार तसाही पुढच्या पायांवरच येतो. ज्याचे पुढचे पाय आधीच नाजूक आहेत त्याला हे जास्तीचं वजन परवडत नाही. शिवाय काही कोल्टना भर वेगात पळताना वृषणांत दुखतं किंवा अडचण होते, मग ते पूर्ण टाप टाकतच नाहीत.

तिसरं कारण शुद्ध व्यवहार. एक स्टॅलियन एका सीझनमध्ये डझनावारी घोडींना पुरतो आणि मेअर वर्षाला एकच शिंगरू देते, त्यामुळे दरवर्षी जन्मणाऱ्या नरांपैकी स्टडवर (पैदाशीच्या फार्मवर) जागा मिळते ती बोटांवर मोजण्याइतक्यांना. बाकीच्यांना कोल्ट म्हणून ठेवून फायदा काय? सांभाळायला कटकट, वेगळा ठेवायचा, फिलींपासून लांब ठेवायचा.

ऑपरेशन कसं करतात? घोड्याला फार त्रास होतो का?

घोडा झोपवून पूर्ण भूल देऊन करतात, किंवा उभ्यानेच गुंगीचं इंजेक्शन आणि जागेवर भूल देऊन. कातडीला चीर देऊन वृषण बाहेर घेतात आणि मग इमॅस्क्युलेटर नावाचं पक्कडीसारखं अवजार लावतात, जे रक्तवाहिन्या चेचतं आणि त्याच वेळी कापतं. चेचल्यामुळे रक्त थांबतं. ते थोडा वेळ तसंच दाबून धरतात, घाई केली तर रक्तस्राव. बहुतेक वेळा जखम शिवत नाहीत, उघडीच ठेवतात, म्हणजे आतलं पाणी वाहून जातं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं डॉक्टर शिवायला विसरले.

पहिला दिवस आराम, आणि दुसऱ्या दिवसापासून घोड्याला चालवायलाच लागतं, नाहीतर सूज उतरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज बरीच दिसते आणि नवीन मालक घाबरून फोन करत सुटतात. खरा धोका म्हणजे जास्त रक्त जाणं, इन्फेक्शन, आणि क्वचित आतडं त्या जखमेतून खाली येणं, ते झालं तर एकेक मिनिट महत्त्वाचं. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी झालेलं असलंच पाहिजे कारण घोडा या रोगाला फार नाजूक.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, धनुर्वातावरचं सीरम पूर्वी घोड्याच्याच रक्तापासून बनायचं. पुण्याच्या पूनावाला स्टडचे रिटायर घोडे आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत या सीरमसाठी जायचे, आणि हे आपणच का बनवू नये या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोविडची लस घेतलेल्या किती जणांना माहीत असेल की या कंपनीचं मूळ रेसच्या घोड्यांत आहे!

माश्यांच्या दिवसांत उघडी जखम नको म्हणून सीझन बघून करतात. आपल्याकडे मुंबईचा सीझन साधारण एप्रिलला संपतो आणि पुण्याचा जुलैत सुरू होतो, मधली सुट्टी सोयीची पडते. म्हणून पुण्याच्या सुरुवातीच्या रेसेसमध्ये हा ‘सी’चा ‘जी’ बदल मुद्दाम शोधायचा.

ऑपरेशननंतर घोडा कधी पळू शकतो?

काही अडचण नसेल तर दोन-तीन आठवड्यांत हलकं काम सुरू होतं. पण हलकं काम आणि रेस-फिटनेस यात फार फरक आहे, पूर्ण तयारीला दीड-दोन महिने किंवा जास्त धरायचे. दीड महिन्यात परत पळायला आलेला घोडा मी सहसा बघून सोडून देतो.

मग वेग वाढतो की कमी होतो?

हा मुख्य प्रश्न. खच्ची केल्याने कुठलाही घोडा जन्मजात क्षमतेपेक्षा वेगवान होत नाही. टेस्टोस्टेरॉन स्नायू बनवायला मदत करतं आणि तेच आपण काढून घेतोय, त्यामुळे कागदावर बघितलं तर थोडं नुकसानच आहे. फायदा होतो तो वाया जाणारी ताकद वाचल्याचा. जो कोल्ट शंभरातले सत्तरच देत होता, बाकीचे तीस किंचाळण्यात आणि जॉकीशी भांडण्यात घालवत होता, तो गेल्डिंग होऊन नव्वद देतो आणि सगळे म्हणतात घोडा सुधारला. जो आधीच शहाण्यासारखा पळून पंचाण्णव देत होता त्याला काहीच मिळत नाही, झालाच तर तोटा. आणि जो मुळातच मंद आहे तो शांत मंद घोडा होतो, एवढंच. ही तिसरी जात सगळ्यात जास्त आणि पब्लिकचे सगळ्यात जास्त पैसे हीच खाते.

स्नायू कमी होतात म्हणजे ताकद जाते ना?

एकदम नाही. जे शरीर तयार झालंय ते एका रात्रीत वितळत नाही. मान हळूहळू बारीक होते, पुढचा भाग हलका होतो. लहान वयात केलं तर उलट उंची किंचित जास्त मिळते, कारण लांब हाडांची वाढ थांबवायचं काम हार्मोन करतं आणि ते नसल्याने हाडं थोडी उशिरा बंद होतात. उंच गेल्डिंग बघून हा तर पहिलवान दिसतोय म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, उंची म्हणजे ताकद नाही.

स्वभाव लगेच शांत होतो का?

हार्मोन रक्तातून लवकर जातं, पण सवय जात नाही. काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि चार-पाच वर्षांचा होईपर्यंत कोल्ट म्हणून राहिलेला घोडा पुढेही बऱ्यापैकी तसाच वागू शकतो कारण ते त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. म्हणजे दोन-तीन वर्षांचा असताना केलेला घोडा आणि पाचव्या वर्षी केलेला घोडा यांना एकाच मापाने मोजू नका.

जॉन हेन्री नावाचा अमेरिकन घोडा आठवा. तबेल्यातल्या पाण्याच्या आणि खाण्याच्या स्टीलच्या बादल्या भिंतीवरून उपटून पायाखाली चपट्या करायचा, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. लहानपणी ११०० डॉलरला विकला गेलेला, खच्ची केला तरी शेवटपर्यंत तिरसटच राहिला, पण तिरसटपणा रेसमध्ये कामाला आला. ८३ रेस, ३९ विजय, १९८१ आणि १९८४ ला हॉर्स ऑफ द इयर, म्हणजे दुसऱ्या वेळी हा नऊ वर्षांचा होता! कोल्ट असता आणि इतका यशस्वी असता तर चार-पाच वर्षांचा होताच स्टडवर गेला असता.

जगातले इतके मोठे घोडे गेल्डिंग आहेत, मग गेल्डिंगच भारी नाहीत का?

नावं खरोखर मोठी आहेत. फार लॅपने १९३० चा मेलबर्न कप मारला. केल्सो १९६० ते १९६४ सलग पाच वर्षं अमेरिकेचा हॉर्स ऑफ द इयर. रेड रमने ग्रँड नॅशनल तीनदा जिंकली, १९७३, १९७४ आणि १९७७. हाँगकाँगचा सायलेंट विटनेस सलग १७ रेस जिंकला, गोल्डन सिक्स्टी ३१ पैकी २६, आणि रोमँटिक वॉरियर २०२३ ला मेलबर्नला जाऊन कॉक्स प्लेट आणि २०२४ ला टोकियोत यासुदा किनेन घेऊन आला.

पण यात एक गोची आहे. हाँगकाँगमध्ये ब्रीडिंगच नाही, त्यामुळे तिथे जवळपास सगळे नर गेल्डिंगच असतात, मग जिंकणार कोण? उड्यांच्या रेसमध्येही तेच, सगळा मामला गेल्डिंगचा. आणि सपाट रेसमध्ये चांगला कोल्ट तीन-चार वर्षांचा होताच मालक त्याला स्टडवर नेतो कारण पैसा तिकडे आहे. मागे मैदानात राहतात ते गेल्डिंग, सहा, सात, आठ वर्षांचे होईपर्यंत पळतात, विजय जमवतात, लोकांचे लाडके होतात. म्हणून कुणी वयस्क घोड्यांच्या रेसमधले गेल्डिंगचे विजय मोजून दाखवले तर भारावून जाऊ नका, समोरचे चांगले कोल्ट कधीच घरी गेलेत.

डर्बीत गेल्डिंगला बंदी असते म्हणतात ते खरं का?

रेसवर अवलंबून. इंग्लंडच्या एप्सम डर्बीत गेल्डिंगला प्रवेश नाही, पॅरिसच्या आर्क द ट्रायम्फलाही कित्येक वर्षं नव्हता. कारण या रेसेसचा मूळ हेतू पुढची पिढी कुणापासून काढायची ते ठरवणं, आणि गेल्डिंगपासून पिढी निघत नाही. केंटकी डर्बीत मात्र चालतो. २००३ ला फनी साइड जिंकला तो १९२९ नंतरचा पहिला गेल्डिंग, आणि २००९ ला माइन दॅट बर्डने तर पन्नासला एक भावाने सगळ्यांना झोपवलं, दोन डॉलरच्या तिकिटावर १०३ डॉलर २० सेंट मिळाले.

आपल्याकडे कुठल्याही मोठ्या रेसच्या अटी प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेल्या असतात, कोल्ट आणि फिली एवढंच लिहिलं असेल तर गेल्डिंग बाहेर. म्हणजे डर्बीकडे डोळे लावून बसलेला मालक महागड्या कोल्टला सहसा हात लावू देत नाही, आणि ज्याला लावला त्याच्या क्लासिकच्या (डर्बीसारख्या मानाच्या रेसेसच्या) आशा सोडल्यात असा अर्थ काढायला हरकत नाही. जाता जाता, १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या फिलीने मारली होती, कोल्ट सगळे मागे.

खच्ची केल्यावर इतके टक्के घोडे सुधारतात, असे आकडे फिरतात. विश्वास ठेवू का?

जपून. समजा एखादा कोल्ट तीन-चार रेस वाईट पळला आणि मग खच्ची केला. वाईटातल्या वाईट फॉर्मला असतानाच हा निर्णय होतो, चांगला पळत असताना कोण करेल? आता वाईट फॉर्मनंतर बरेचसे घोडे तसेही थोडे सावरतात, काहीही न करता. त्यात भर म्हणून दोन-तीन महिन्यांची विश्रांती मिळाली, जुनी दुखणी बरी झाली, तीन वर्षांचा चार वर्षांचा झाला, कदाचित अंतर बदललं, ब्लिंकर्स लावले, जॉकी बदलला. आणि सुधारणेचं सगळं श्रेय जातं ऑपरेशनला. जो फक्त विश्रांती घेऊन आला त्याच्याशी तुलना केल्याशिवाय आकड्याला किंमत नाही, आणि ती तुलना टिप देणारे कधीच करत नाहीत.

मग परिणाम शून्य का? तसं नाही. स्वभावाचा प्रॉब्लेम स्पष्ट दिसत होता अशा घोड्यात फरक खरोखर पडतो, तो पॅडॉकमध्ये डोळ्यांनी दिसतो. सरसकट सगळ्यांना लावलं की घोळ होतो.

गेल्डिंग झाल्यावर पहिल्याच रेसला लावायचं की थांबायचं?

माझा हिशोब असा. पहिली रेस बघायची, खिसा बंद. अपवाद एकच, घोड्याची जुनी तक्रार पूर्णपणे डोक्याची होती, सुट्टी मोठी मिळाली, मॉक रेस (सरावाची रेस) किंवा ट्रॅकवर्कमध्ये (सकाळच्या सरावात) तो आरामात लगाम धरून पळताना दिसला, आणि भाव अजून बरा आहे. हे सगळं एकत्र जमणं दुर्मीळ. बाकी वेळी दुसरी-तिसरी रेस मला जास्त आवडते, फिटनेस आलेला असतो, सवयी थोड्या सुटलेल्या असतात, आणि पहिल्या रेसला तो पाचवा-सहावा आला म्हणून पब्लिक नाद सोडून देतं तेव्हा भाव सुटतो.

पहिल्या रेसचा नंबर बघू नका, तो कसा पळाला ते बघा. गेटमधून सरळ निघाला का? पहिले चारशे मीटर जॉकीच्या हातात होता की तोंड वर करून ओढत होता? सरळ धावेत जॉकीने विचारल्यावर काहीतरी दिलं का, की तोंड फिरवलं? पूर्वी जो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तोंड फिरवायचा आणि आता हरूनही शेवटपर्यंत झगडतोय, तो घोडा मी वहीत लिहून ठेवतो.

पॅडॉकमध्ये नक्की काय बघायचं?

शक्य असेल तर कोल्ट असतानाचा तोच घोडा आठवा. मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस, मानेवर घाम, साईस दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळतोय, आणि पुढून फिली गेली की कान टवकारून आरोळी, हे होतं ना? आता तोच घोडा मान खाली घालून चालतोय, साईसच्या हातात दोरी सैल आहे, खोगीर घालताना फार नाचत नाही, तर काहीतरी बदललंय. पण डोळेही बघा. शांत आणि मेलेला यात फरक असतो. कान हलतायत, आजूबाजूला लक्ष आहे, कातडीला चमक आहे तर शांत. सगळंच लुळं दिसलं तर ऑपरेशनमधून अजून सावरलेला नाही किंवा तब्येत बरी नाही. आणि फक्त घामावरून निष्कर्ष काढू नका, मुंबईत दुपारी अडीचला नोव्हेंबरमध्ये माणसालाही घाम येतो.

गेल्डिंगला वजनात सूट मिळते का?

नाही. काही रेसमध्ये फिलींना नरांपेक्षा कमी वजन असतं, गेल्डिंगला तसं काही नाही. हँडिकॅप रेसमध्ये, जिथे जास्त रेटिंगच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, रेटिंग मागच्या कामगिरीवरून ठरतं, घोडा खच्ची केला म्हणून हँडिकॅपर ते चढवत किंवा उतरवत नाही. बेटिंगच्या दृष्टीने सगळ्यात रसाळ जागा हीच. कोल्ट म्हणून वेडेपणा करून हरत गेला, रेटिंग खाली आलं, आता डोकं ठिकाणावर आलंय पण पाठीवर वजन जुन्या वेडेपणाचंच आहे. असा घोडा एक-दोन रेस स्वस्तात मारून जातो, मग रेटिंग वाढतं आणि मजा संपते. उशिरा आलेलं पब्लिक तिसऱ्या रेसला फेव्हरिट करतं तेव्हा आपण निघून जायचं.

भाव ठीक आहे की नाही ते कसं ठरवायचं?

चारास एक भाव म्हणजे पाचात एकदा जिंकला तर बरोबरी, वीस टक्के. सातास एक म्हणजे आठात एकदा, साडेबारा टक्के. आता तुमच्या मते हा घोडा कोल्ट असताना पंधरा टक्क्यांचा होता आणि ऑपरेशनने अठरा झाला. सुधारणा खरी आहे, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि तरीही चारास एकला तो घाट्याचा सौदा, सातास एकला मात्र सोनं. बुकीलाही रेसबुक वाचता येतं, ट्रेनरच्या माणसांना तुमच्या आधी माहीत असतं, त्यामुळे ‘जी’ दिसला म्हणून धावत गेलात तर बहुतेक वेळा भाव आधीच खाल्लेला असतो. विनमध्ये (पहिला येण्यावर) भाव नसेल तर प्लेस (पहिल्या काहींत येण्यावर) बघता येतं, पण टनालासारख्या, म्हणजे पहिले तीन घोडे ओळखायच्या पूलमध्ये असा घोडा तिसऱ्या जागेला घालून बघणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. हे वैयक्तिक मत, भांडू नका.

रिग म्हणजे काय?

ज्या घोड्याचा एक (किंवा दोन्ही) वृषण खाली न उतरता पोटात किंवा जांघेतच राहिलाय तो. बाहेरून गेल्डिंग वाटू शकतो पण आतला वृषण हार्मोन बनवत असतो, त्यामुळे वागणं पक्कं कोल्टचं. पळताना दुखूही शकतं. याचं ऑपरेशन जास्त किचकट, बऱ्याचदा दुर्बिणीने. वर ज्या फनी साइडचा उल्लेख केला तो असाच होता, म्हणून खच्ची केला, आणि पुढे केंटकी डर्बीच्या पाठोपाठ प्रीकनेसही जिंकला. खच्ची करूनही वर्षभर फिलींच्या मागे किंचाळणारा घोडा दिसला तर डॉक्टर रक्ताची तपासणी करून आत काही राहिलंय का ते बघतात.

गेलेलं टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनने परत देतात का?

देणं म्हणजे डोपिंग. गेल्डिंगच्या शरीरात अगदी थोडंसं टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकपणे असतंच, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमात मर्यादा ठरवलीय: लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये ०.०२ मायक्रोग्रॅम. त्यावर गेलं की प्रश्न विचारले जातात.

मालकाचं केवढं नुकसान होतं?

ज्या घोड्याची स्टडवर जायची खरी शक्यता होती त्याचं प्रचंड, कारण मागे फिरता येत नाही. बाकीच्यांचं काहीच नाही. म्हणून मोठ्या पेडिग्रीचा, महागडा कोल्ट खच्ची झाला की मी दोनदा बघतो. मालकाने एवढं सोडलंय म्हणजे आता कमाई फक्त रेसमधून, घोडा प्रामाणिकपणे पळवला जाण्याची शक्यता जास्त. उलट बाजूने, घोडा इतका निराशाजनक असेल की स्टडचं स्वप्नच संपलं असेल, हेही असू शकतं. जुनं ट्रॅकवर्क बघूनच ठरवायचं यातलं कुठलं.

हे सगळं बेटिंग कायदेशीर आहे ना? आणि टॅक्स?

रेसकोर्सवर टोटला (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी अधिकृत खिडकी) आणि लायसन्सवाल्या बुकींकडे, हो. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ असं म्हटलंय. गल्लीतल्या किंवा फोनवरच्या बुकीला ते लागू नाही, तिथे पैसे बुडाले तर तक्रार करायलाही जागा नाही. टॅक्सचं मात्र दुखणं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय, आणि १० हजारांच्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापूनच हातात येतात. एवढा कर भरून टिकायचं तर अठरा टक्क्यांचा घोडा चारास एकने घेणं वगैरे लाड बंद करावे लागतात. घरखर्चाचे किंवा उसने पैसे तर अजिबात नाहीत.

रिटायर झाल्यावर गेल्डिंगचं काय होतं?

स्टडवर जात नाही, पण शांत असल्यामुळे रायडिंगला चालतो. महालक्ष्मीलाच अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, रेस सोडलेले घोडे तिथल्यासारख्या ठिकाणी पोरांना बसायला शिकवतात, काही पोलोला जातात. सकाळी ट्रॅकच्या कडेने फिरायला जात असाल तर पाठीवर दहा-बारा वर्षांची मुलगी बसवून निवांत चालणारा उंच घोडा दिसेल, जुन्या रेसबुकात त्याचं नाव शोधून बघा, कधीकाळी त्यानेही कुणाचे तरी पैसे बुडवलेले असतात.